उपदेशातल्या कानटोप्या

माणूस आणि देव यांच्यातला संवाद शब्दांच्या पलीकडचा असतो. आमच्या चर्चमध्ये हा शब्दांच्या पलीकडचा संवाद दर रविवारी सकाळी साडेआठला सुरू होतो, दीड तास चालतो, आणि त्यातला पाऊण तास एकटे पाळकसाहेब बोलतात. उरलेल्या वेळात गीतं होतात, शास्त्रवाचन होतं आणि गेटसमोर दुचाक्या लावू नयेत अशी सूचना होते. देवाच्या वाट्याला यातला किती वेळ येतो, हे मला अजून नक्की कळलेलं नाही.

या वाटणीवर उघडपणे नाराज असलेल्या एकच बाई मला माहीत होत्या. पाळकसाहेब पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर, चढून ‘प्रिय मंडळी’ म्हणाले की त्या पहिल्या बाकावर मांडीवरची कापडी पिशवी उघडत, तिच्यातून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा काढत आणि कानटोपी विणायला घेत. उपदेश संपून प्रार्थना सुरू झाली की सुया पिशवीत, पिशवी बाकाखाली, हात जोडलेले. साध्या रविवारच्या उपदेशात एक टोपी व्हायची. पुण्याहून पाहुणे वक्ते आले तर टोपीला वर गोंडाही लागायचा.

हे सगळं सोलापुरात. इथं थंडी येते ती डिसेंबरात, पहाटेच्या वेळी, आणि लोकांना कळायच्या आत परत जाते. तरी आमच्या मंडळीत लोकरीची कानटोपी नाही असं घर सापडणार नाही. बाळाचा बाप्तिस्मा झाला की पाळकसाहेब आशीर्वाद देत आणि त्या टोपी देत. एप्रिलमध्ये बाप्तिस्मा झालेली मुलं त्या दिवशीच्या फोटोत टोपीखाली लालबुंद दिसतात.

सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत. एका मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी फक्त इस्पितळ सोडलं होतं, मेट्रनपण नाही. त्यांच्या घरात चहाची भांडी उकळत्या पाण्यातून निघत. बिछान्याच्या चादरीला सुरकुती दिसली तर त्या ती अशा बघत, की सुरकुतीनंच शरमावं. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझी तपासणी केली.

“चर्चला जातोस का?”

“जातो. पण विश्वासाचं म्हणाल तर...”

“विश्वासाचं राहू दे. त्याचं वर-खाली होतं, तापासारखं. उत्तरं पाठ हायत का?”

उत्तरं म्हणजे उपासनेतली. पाळकानं पुस्तकातलं एक वाक्य म्हणायचं आणि मंडळीनं ठरलेलं उत्तर द्यायचं, ती. मी लहानपणी पाठ केली होती. निम्मी आठवत होती. तसं सांगितलं. त्यांनी किल्ली दिली, पण चेहऱ्यावरून असं दिसलं की निम्मीच खोली द्यावी असं त्यांना वाटत होतं.

माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना मी हे प्रकरण असं समजावून सांगतो, की आमच्यात कीर्तनवाले आणि आरतीवाले असे दोन पक्ष असतात. कीर्तनवाल्यांना बुवा कसा बोलतो याच्याशी मतलब. त्याआधीचं गाणं-बजावणं म्हणजे लोक जमेपर्यंतची सोय. आरतीवाल्यांचं म्हणणं, आरती ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमानं, सगळ्यांनी मिळून झाली पाहिजे. बुवा आला तर उत्तम, नाही आला तर त्याची तब्येत सांभाळावी त्यानं. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनवाली. पुढे निरनिराळ्या पंथांची चर्चेस एकत्र आली, उपासनेचं छापील पुस्तक आलं आणि कागदावर दोन्ही पक्ष एक झाले. प्रत्यक्षात दर नव्या पाळकानं पुस्तकातलं एखादं पान गाळलं आणि तेवढा उपदेश वाढवला.

मेट्रनबाई आरतीवाल्या. पूर्ण मंडळीत त्यांचा पक्ष एका माणसाचा होता, पण तो पहिल्या बाकावर बसायचा.

कमिटीनं त्यांना वाचक नेमलं होतं. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला त्या दिवसाचा उतारा, त्या वाचत, आणि मंडळीची उत्तरंही त्यांच्याच आवाजात सुरू होत. बाकीचे मागून येत. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाच्या नर्सला हाक मारायची सवय असलेला आवाज तो. एका रविवारी पाळकसाहेबांनी पापांगीकार गाळला. आपण काय काय चुकलो ते सगळ्यांनी एकत्र म्हणायची ही प्रार्थना. मेट्रनबाई उठल्या आणि त्यांनी ती एकटीनं, खणखणीत, पूर्ण म्हटली. पाळकसाहेब थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. उपासनेनंतर दारात ते म्हणाले, “मेट्रनबाई, आज जरा वेळ कमी होता.”

“पापं पण कमी होती का?” त्यांनी विचारलं.

मी तेव्हा कीर्तनवाला होतो. खरं सांगायचं तर मी चर्चला जायचो तो समीक्षक म्हणून. विद्यार्थ्यांचे पेपर तपासून तपासून सवयच अशी झाली होती, की उपदेश ऐकताना मनातल्या मनात समासात शेरे पडत. मला डामडौलाचं वावडं आहे; आणि माझी समजूत अशी, की डामडौल असतो तो झगे, घंटा, छापील शब्द यांत. माणूस उभा राहून स्वतःच्या डोक्यातलं बोलतो, त्यात कसला आला डामडौल? मेट्रनबाईंशी माझा यावर वाद व्हायचा, बहुतेक संध्याकाळी, त्यांच्या ओट्यावर.

“दर रविवारी तेच शब्द,” मी म्हणायचो. “देवालाही कंटाळा येत असेल.”

“तू कॉलेजात दर वर्षी तेच शिकवतोस. मुलांना कंटाळा येतो, तुला येतो का?”

“येतो.”

“मग नोकरी सोड की.”

एकदा त्या जरा गंभीर झाल्या. म्हणाल्या, “हे बघ, जखम कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची, ते ठरलेलं असतं. मला आज सकाळी काहीतरी नवीन सुचलं म्हणून मी पट्टी वेगळी बांधली, असं चालतं का? पेशंट मरंल की. आणि पेशंट कलेक्टर असो नाहीतर हमाल, पट्टी तीच.”

शेजारच्या अक्का लिंगायत. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि भांडण झालं तर दोन्ही. त्या रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करायच्या, त्याच क्रमानं. कुंपणावरून आमचा वाद ऐकून त्या एकदा मला म्हणाल्या, “रोज तेच करतो की आम्ही पण. देव बदललाय का, मंत्र बदलायला?” मेट्रनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्या डॉक्टरचंही निदान तेच आलंय. त्यानंतर त्या वादात माझ्या विरुद्ध दोन धर्म होते.

या सगळ्याचं मूळ कुर्डुवाडीत होतं. मेट्रनबाईंचे वडील रेल्वेत गार्ड. जंक्शनच्या वसाहतीत मूठभर ख्रिस्ती घरं आणि उपासनेला एक छोटी खोली. पाळक सोलापुरात, त्यांना जमेल तेव्हा, मिळेल त्या गाडीनं यायचे. बहुतेक रविवारी त्यांना जमायचं नाही. मग वडील पुस्तक उघडून उपासना चालवत. वडील गाडीवर असले तर एक फिटर चालवी. फिटरची पाळी असली तर मेट्रनबाईंची आई, चुलीवरची भाजी उतरवून येई आणि चालवी. एकदा पहाटेपासून वर्कशॉपात काहीतरी अडलं, सगळे पुरुष तिकडे गेले. तेव्हा आई आणि मुलगी अशा दोघींनीच उपासना केली. एकीनं वाक्य म्हणायचं, दुसरीनं उत्तर.

“पाळक न्हाय म्हणून देव थांबला न्हाय,” मेट्रनबाई सांगायच्या, “आणि आमी पण न्हाय.” कुर्डुवाडीचा विषय निघाला की त्यांची भाषाही त्या गाडीनं परत जायची. “आणि पाळक आले की मग उपदेश. तो लांबायचा, त्यांची परतीची गाडी जायची, मग ते आमच्याकडं जेवायला. माझा उपदेशावरचा राग तवापासनं. कोंबडी आमची जायची.”

वडिलांचं उपासनेचं पुस्तक त्या चर्चला घेऊन येत. त्याला हिरव्या कापडाचं कव्हर होतं. गार्डाची झेंडी विटली की बदलून मिळायची, त्या विटक्या झेंडीचं कापड. उपासना सुरू करायला लाल झेंडीचं कव्हर शोभलं नसतं, असं त्या म्हणायच्या.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. घर सुटलं तरी ओटा सुटला नाही. रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायला थांबायचो आणि हरायचो.

याच सुमारास आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, कष्टाळू, मनानं अगदी चांगले. कुणी आजारी आहे असं कळलं की हातातलं काम टाकून मोटारसायकल काढणारे. पण बोलण्याचा भारी नाद. त्यांच्या उपदेशाला तीन मुद्दे असत आणि तिन्ही एकाच अक्षरानं सुरू होत. विश्वास, विनय, विजय. त्याग, तप, तेज. मधेच ते “आमेन म्हणा!” म्हणून आमच्याकडून आमेन वसूल करत. आणि उपदेशाच्या आधी एक गोष्ट न चुकता करत: पुस्तक मिटून बाजूला ठेवत, माइक जवळ ओढत आणि पुलपिटावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी पीत. पेला उचलला गेला की मंडळी बाकावर टेकून बसे, पंख्याखालची जागा धरे, आणि पहिल्या बाकावर पिशवी उघडे. पाळकसाहेबांना सुयांचा आवाज ऐकू येत असला पाहिजे. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्याच उपदेशात विणलेली टोपी तिला मिळाली.

आता माझ्या दादाविषयी सांगायला हवं.

दादा माझ्याहून मोठा. अकलूजला साखर कारखान्यात होता. कामाला वाघ, गळा गोड, आणि दारू. शेवटच्या काही वर्षांत फक्त दारू. कामावरून काढलं, बायको माहेरी गेली, आई त्याच्यापाशी राहिली. पोटात पाणी झालं तेव्हा मी दोघांना सोलापुरात आणलं, इस्पितळात ठेवलं. मे महिना होता. दादा गेला.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. आईजवळ खाली सतरंजीवर बसले, तिचा हात हातात घेतला, सुंदर प्रार्थना केली. मग मला म्हणाले, “सर, उद्या मी तरुणांसाठी थोडं बोलणार आहे. आपल्या मंडळीत किती पोरं या वाटेला लागली आहेत, तुम्ही बघताय. तुमच्या भावाचं जाणं वाया जाऊ नये. त्यातून कुणी एक जरी सुधारला...”

ते मनापासून बोलत होते. अडचण तीच होती. ढोंगी माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

आई म्हणाली, “सायेब, त्येच्याबद्दल काय बी बोलू नका. समदी लोकं आसनार. माझ्या म्होरं नका बोलू.”

“आई, सत्य बोलायला आपण भ्यायचं नाही.”

“सत्य मला ठाव हाय की, सायेब. मीच त्येला उचलून घरात आनत हुते.”

पाळकसाहेबांनी मान हलवली, पण माझ्या लक्षात आलं की ते थांबलेले नाहीत, विचार करताहेत. जाताना त्यांनी दारात मला हळूच सांगितलं, “नाव नाही घेणार मी.” शवपेटी समोर ठेवलेली असताना नाव न घेतल्यानं काय फरक पडतो, हे मी विचारायला हवं होतं. बोलण्यावर पोट असलेला मी माणूस, पण मला एक वाक्य जुळवता आलं नाही.

मी मेट्रनबाईंकडे गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग हिरवं पुस्तक आणून मांडीवर ठेवलं, उघडलं नाही.

“यात मयताची उपासना एकच हाय,” त्या म्हणाल्या. “दारू पिणाऱ्याची निराळी न्हाय. कमिटीच्या अध्यक्षाची पण निराळी न्हाय. माझ्या वडलांची झाली तीच तुझ्या भावाची होणार.”

“आणि उपदेश?”

“शास्त्रवाचनानंतर. ‘इच्छा असल्यास उपदेश करावा’ असं छापलंय.”

“त्यांना इच्छा आहे.”

“ते खरं.” त्यांनी पुस्तक मांडीवरून बाजूला ठेवलं. “आई जेवली का?”

“नाही.”

“मग जा. तिला काहीतरी खायला घाल. साखरपाणी तरी दे.”

एवढंच. मी परत आलो तो जरा रागावूनच. मला काहीतरी तोडगा हवा होता आणि त्यांनी साखरपाणी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. अकलूजहून कारखान्यातले लोक जीप करून आले होते. आईला मी पुढे बसवलं, पेटीपासून हातभर अंतरावर. तिनं पदर तोंडात धरला होता आणि तिची नजर पेटीवर नव्हती, पुलपिटावर होती. पाण्याच्या पेल्यावरच म्हणा.

गीत झालं. मेट्रनबाईंनी शास्त्रपाठ वाचला आणि आपल्या बाकावर येऊन बसल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. माइक जवळ ओढला. मंडळी सवयीनं मागे टेकली. आईनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतलेली मला आत्ताही कळतात. मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. पिशवी बंदच होती.

पाळकसाहेबांनी पेला उचलला आणि तोंडाला लावला.

मेट्रनबाई उभ्या राहिल्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे बाकाला धरून, एकेक पाय सरळ करत. आणि वॉर्डाच्या टोकाला जाईल अशा आवाजात त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली.

आता ही प्रार्थना काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. आमच्या मुलांना बोलता यायला लागतं तेव्हा ती शिकवतात. तिची पहिली ओळ कानावर पडली की ख्रिस्ती माणूस उभा राहतो आणि पुढची ओळ म्हणतो. झोपेत असला तरी. विश्वास असला-नसला तरी. मी उभा होतो आणि म्हणत होतो, हे मला दुसऱ्या ओळीला समजलं. सगळं चर्च उभं होतं. अकलूजहून आलेले लोक ख्रिस्ती नव्हते, पण सगळे उठले म्हणून तेही हात जोडून उठले. पाळकसाहेबांच्या तोंडात पाण्याचा घोट होता. तो त्यांनी गिळला, आणि तिसऱ्या ओळीपासून तेही म्हणायला लागले. पाळकानं ही प्रार्थना चालू असताना गप्प उभं राहणं शक्यच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट अशी, की आमच्याकडे प्रभूची प्रार्थना झाली म्हणजे उपासना आटोपली. तिच्यानंतर आशीर्वाद, मग बाहेर. आजोबा-पणजोबांपासून हाच क्रम; तो पायांत गेलेला आहे. ‘आमेन’ झालं, तसे पेटी उचलणारे चौघे आपोआप पुढे आले. हार्मोनियमवाल्यानं सूर धरला. मागच्या बाकावरचे चपला चाचपायला लागले. पाळकसाहेबांनी एकदा मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं, एकदा मंडळीकडे पाहिलं, आणि उजवा हात वर करून आशीर्वाद दिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

कबरीपाशीही सगळं पुस्तकातलंच झालं. मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या कबरस्तानात उपदेश करण्याची ताकद कुठल्याच पंथात नाही.

परत येताना रिक्षात आईनं विचारलं, “झालं?”

“झालं.”

“काय बोल्ले न्हाईत.”

“न्हाई.”

“त्या बाई हुभ्या ऱ्हायल्या, त्या कोन रं?”

मी सांगितलं. आईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “समद्यांनी म्हनलं की रं त्येच्यासाटी. कारखान्यातली मानसं बी हुभी ऱ्हायली.” आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोकळी रडली.

मेट्रनबाईंना मात्र चर्चच्या गेटपाशीच कमिटीच्या सेक्रेटरींनी गाठलं होतं. मी तिथं होतो. सेक्रेटरी म्हणाले, “मेट्रनबाई, आज चुकलं हं तुमचं. उपदेश राहिला ना मधला.”

ज्या बाईंनी आयुष्यात उपासनेतला एक शब्द मागे-पुढे केला नव्हता, दुसऱ्यानं केला तर त्याचा गेटपर्यंत पिच्छा सोडला नव्हता, त्या म्हणाल्या, “व्हय. चुकलं. वय झालं आता.”

आणि पिशवी काखेत मारून रिक्षा शोधायला लागल्या.

पुढच्या महिन्यात कमिटीनं त्यांना वयोमानामुळे वाचकाच्या कामातून मोकळं केलं. शाल दिली, नारळ दिला. सेक्रेटरींनी त्यांच्या सेवेबद्दल भाषण केलं, तेव्हा त्यांनी विणायला घेतलं. त्यानंतर शास्त्रपाठ तरुण संघातली पोरं आळीपाळीनं वाचू लागली आणि उत्तरांसाठी भिंतीवर प्रोजेक्टर आला. प्रोजेक्टरवर उत्तर जरा उशिरा उमटायचं. मेट्रनबाई बसल्या जागेवरून, हलक्या आवाजात, त्याच्या आधी म्हणायच्या.

वाचकाचं काम त्यांना किती प्यारं होतं हे मला माहीत होतं. कुर्डुवाडीच्या त्या खोलीतून निघालेली एकच गोष्ट त्यांच्यापाशी अजून चालू होती, ती ही. ती त्यांनी माझ्या भावासाठी दिली, ज्याला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि दिली तीही ‘चूक’ म्हणून, म्हणजे कुणाला त्याबद्दल आभारसुद्धा मानता येऊ नयेत.

मी तरी मानायचा प्रयत्न केला. एका रविवारी भाकरी खाता खाता म्हटलं, “मेट्रनबाई, त्या दिवशी तुम्ही...”

“त्या दिवशी माझी टोपी राहिली,” त्या म्हणाल्या. “चटणी घे अजून. वाळली तर तिखट लागत न्हाय.”

मी चटणी घेतली. आमच्या वादात त्यानंतर मी फारसा जोर लावला नाही. मी आरतीवाला झालो असं म्हणता येणार नाही. चांगला उपदेश अजूनही मला आवडतो. पण डामडौल कुठं असतो याबद्दलचं माझं मत बदललं. ज्या शब्दांवर कुणाचंच नाव नसतं, ते कुणाच्याही पेटीसमोर म्हणता येतात. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, पण हे मला कुठल्याही पुस्तकानं असं उभं राहून सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही तीच उपासना झाली, तेच शब्द. मला वाटलं होतं जुने वाटतील. उलट वाटलं, की या शब्दांच्या कठड्यावर दादाच्या वेळी आईनं जिथं हात ठेवला होता तिथंच मी ठेवतो आहे.

मेट्रनबाई यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. फार आजारी नव्हत्या. शेवटी शेवटी दिसेनासं झालं होतं, तरी विणत होत्या. बोटांना टाके पाठ होते. मी जायचो तेव्हा त्या मला पुस्तकातलं एखादं वाक्य म्हणायला लावत आणि उत्तर स्वतः देत. मी चुकलो तर थांबवत. अक्का कुंपणापलीकडून विचारायच्या, “आज किती मार्क पडले सरांना?”

एकदा मेट्रनबाईंनी मला आणि पाळकसाहेबांना एकत्र बोलावलं. पाळकसाहेब तेच, एव्हाना कानशिलावर केस पांढरे झालेले, मुलगी शाळेत जाणारी. मेट्रनबाई म्हणाल्या, “माझी उपासना पुस्तकातली. पूर्ण. काही गाळायचं न्हाय. आणि उपदेश नको.”

पाळकसाहेब हसले. “मेट्रनबाई, तुमच्याबद्दल दोन शब्द तरी बोलू द्या की.”

“मला ठाव हायत तुमचे दोन शब्द. लोकर पुरत न्हाय.”

पाळकसाहेबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेव्हाच मी ठरवलं. मेट्रनबाईंनी जे दादासाठी केलं ते मी त्यांच्यासाठी करणार. घरी आरशासमोर उभा राहून मी तालीम केली, म्हणजे आवाज किती लावायचा त्याची. बायकोनं दारातून विचारलं, “एवढ्या मोठ्यानं कुणाला ऐकवताय?” पण माझा निश्चय पक्का होता: पेला उचलला, की उभं राहायचं.

उपासनेच्या दिवशी मी पहिल्या बाकावर, त्यांच्या जागेवर बसलो. समोर पेटी, पेटीवर हिरवं पुस्तक. पाळकसाहेब आले. त्यांनी पुस्तकातलं सुरुवातीचं वाक्य म्हटलं आणि लगेच म्हणाले, “आपण सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणू या.”

मी उभा राहिलो आणि म्हटली. सगळ्या चर्चनं म्हटली. ‘आमेन’ म्हणताना माझ्या लक्षात आलं, की ती आता संपली. आणि एकदा झालेली प्रार्थना मधेच पुन्हा सुरू करणारा माणूस वयोमानानं चुकलेला असेल तरच चालतो, आणि माझं तेवढं वय झालेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी पुलपिटावरून थेट माझ्याकडे पाहिलं. बेरकी माणूस. म्हणजे त्या दिवशीची चूक ही चूक नव्हती, हे त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गीत झालं, शास्त्रपाठ झाला. बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे, काही न गाळता. मग त्यांनी पुस्तक मिटलं, माइक जवळ ओढला आणि सावकाश, अगदी आरामात, पाणी प्यायले.

तीन मुद्दे होते. शिस्त, शब्द, शांती. बोलताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. उपदेश खरोखर चांगला होता. मी मनातसुद्धा समासात शेरा मारला नाही.

टोपी गोंड्यासकट झाली असती.